शिंगं नराची, करामत मादीची

श्रोतेहो, नमस्कार. पूर्व आफ्रिकेत, केनियातल्या माउंट केनियाच्या उतारांवर आणि टांझानियातल्या माउंट मेरूवर एक झाडावर राहणारा सरडा आढळतो, जॅक्सनचा शॅमेलिऑन. आपल्याकडच्या घोयऱ्याचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, हा लांबचा नातलग. नराला तीन शिंगं असतात: एक नाकाडावर, दोन डोळ्यांच्या पुढे. १८९६ साली प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजर यांनी त्याला फ्रेडरिक जॅक्सन यांचं नाव दिलं. जॅक्सन पक्ष्यांचे अभ्यासक. पुढे ते युगांडाचे गव्हर्नर झाले.

एका फांदीवर दोन नर समोरासमोर आले, की आधी अंग चपटं करून मोठेपणा मिरवायचा. तेवढ्यानं भागलं नाही, तर शिंगांत शिंगं अडकवून रेटारेटी.

लोक फोटो काढतात ते या शिंगवाल्याचे. मला विचाराल, तर बघावं मादीकडे. तिला बहुधा शिंगं नसतात, असली तर इवलीशी.

घोयऱ्याची मादी जमिनीत खड्डा करून अंडी पुरते. पण दीड-दोन हजार मीटर उंचीवर, रात्री हुडहुडी भरवणाऱ्या गारठ्यात, मातीतली अंडी उबणार कधी? ही मादी अंडी पोटातच वाढवते. सकाळी अंगाचा रंग गडद करते आणि एक कूस उन्हाकडे धरून बसते. गडद कातडी ऊब पटकन शोषते. ती पोटातल्या पिल्लांनाही मिळते. असे पाच-सहा महिने जातात. मग फांदीवर बसल्या बसल्याच एकेक पिल्लू बाहेर पडतं, पारदर्शक, चिकट पापुद्र्यात गुंडाळलेलं. ते खालच्या पानाला चिकटतं, वळवळतं, पापुद्रा फाडतं आणि चिमट्यासारख्या पायांनी काडी पकडून चालू लागतं. एका वेतात आठ ते तीसेक पिल्लं! आई मात्र वळूनही बघत नाही.

मादीची आणखी एक खुबी: नराचं बीज ती शरीरात साठवून ठेवते. एकदा मीलन झालं, की पुढचं वेत नराविनाही होऊ शकतं.

१९७२ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर पाळीव प्राण्यांच्या एका व्यापाऱ्यानं असे काही डझन सरडे मागवले. प्रवासानं ते मलूल झाले होते, म्हणून त्यानं त्यांना अंगणात मोकळं सोडलं. ओलसर, गार डोंगर तिथंही होतेच. आज ते हवाईच्या इतर बेटांवरही पसरलेत, आणि जगात दुसरीकडे कुठंही न सापडणाऱ्या तिथल्या झाडगोगलगाई शंखासकट गिळतायत.