चौऱ्याण्णवाव्या मिनिटाचा गोल

नमस्कार मंडळी. आज फुटबॉलवर बोलायचंय. संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची नॅशनल स्पर्धा, 1941 पासून चालू आहे, तिची 78वी फायनल 31 डिसेंबर 2024 ला आपल्या शेजारी हैदराबादला झाली. शेजारी तरी काय म्हणायचं, 1956 पर्यंत आपला मराठवाडा त्याच राज्यात होता की! आणि 1956-57 आणि 1957-58 ला ट्रॉफी हैदराबादनंच उचललेली, लागोपाठ दोनदा. ते कोच रहीम साहेबांचं हैदराबाद, ज्यांच्या हाताखाली भारताच्या टीमनं 1962 ला एशियाडचं गोल्ड आणलं.

तर मी आणि माझा भाचा नांदेडहून रेल्वेनं गेलो. पोरगा नववीत, शाळेच्या टीमचा गोलकीपर. यांचं ग्राउंड काळ्या मातीचं, उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की त्यात पाय जातो, त्यात डाइव्ह मारून मारून कोपरं सोललेली. आणि पालक म्हणतात पीटीचा तास गणिताला द्या! अहो नका देऊ, पोरांना पळू द्या, गणित कुठं पळून चाललंय.

हां, तर फायनल. बंगाल विरुद्ध केरळ. भाचा बंगालकडून, कारण रोबी हांसदा, पूर्ण स्पर्धेत गोलावर गोल मारत आलेला. शेजारच्या खुर्चीवर केरळचे एक काका. त्यांना मराठी येईना, आम्हाला मल्याळम येईना, सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. हाफटाइमला भाच्यानं ताईनं दिलेले धपाटे आणि दह्याचा डबा पुढं केला, काकांना लई आवडले. नव्वद मिनिटं झाली तरी 0-0, वाया गेलेल्या वेळेची वाढीव मिनिटं चालू. आता एक्स्ट्रा टाइम होणार म्हणून काकांनी निवांत अजून एक तुकडा मोडला, दह्यात बुडवला, आणि चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला रोबीनं गोल मारला. चौऱ्याण्णवाव्या, बरं का! काकांचा हात तसाच तोंडापाशी राहिला, दही टपटप पँटवर पडायलेलं, त्यांना पत्ताच नाही. माझा भाचा ओरडत उभा राहिलेला, त्याची नजर काकांकडं गेली आन् गडी गप खाली बसला. खिशातून रुमाल काढला, काकांच्या हातात दिला. काकांनी तो धरला आणि दुसऱ्या हातानं त्याचं डोकं कुरवाळलं.

बंगाल 1, केरळ 0. बंगालची ही 33वी ट्रॉफी, ध्यानात ठेवा, 33वी. एकट्या रोबीचे 12 गोल. पुढं बंगाल सरकारनं या पोरांना नोकऱ्या जाहीर केल्या, आणि हे मला लई पटलं, ही काय कोटीकोटीत खेळणारी पोरं नाहीत.

परत येताना भाचा खिडकीला डोकं लावून बसलेला, मला वाटलं झोपला. तर म्हणाला, मामा, केरळच्या कीपरला आत्ता झोप लागली असंल का?