जंत दुधात नसतो, डोस असतो

(कोल्हापुरात एका निवृत्त पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय 'जनावरांतील परजीवी आणि कच्च्या दुधाची सुरक्षितता'. ती वाचून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, हे ऐकायला कोण येणार? तुम्ही आलात. म्हणजे एक तर बाहेर पाऊस आहे किंवा शेवटी मसाला दूध आहे. (हशा) आहे, मसाला दूध आहे. उकळलेलं आहे, मी आत जाऊन विचारून आलो.

कोल्हापुरात उभं राहून कच्च्या दुधावर बोलायचं म्हणजे सांगलीत जाऊन हळदीवर शंका घेण्यासारखं आहे. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, फेसाचा पेला हातात. आयुर्वेदात धारोष्ण दुधाची स्तुती आहे, तालमीतल्या पैलवानांच्या तीन पिढ्या त्यावर पोसल्या आहेत. मागे एका वस्तादांनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, आमची पोरं दूध पिऊन मेल्याली कधी ऐकलीसा काय?" नाही ऐकली. पण वस्ताद, कंबर धरून बसलेली, महिनोन्महिने संध्याकाळी ताप चढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात पैलवान कमी आणि आमच्या धंद्यातले लोक जास्त होते, तेही खरं. त्यावर येतो.

आधी तुमची एक भीती काढतो. लोकांचा मला नेहमीचा प्रश्न असतो की गाईला जंत झालेत, मग दुधातून ते आम्हाला होतील का? बहुतेक जंतांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं आहे. यकृतातला चपटा कृमी घ्या. पंचगंगेच्या पुराचं पाणी ओसरल्यावर पाणथळ जागी जे गवत उगवतं, त्यावर तो बसलेला असतो. त्याआधीचं त्याचं बालपण गोगलगाईच्या पोटात जातं. गाय ते गवत खाते, कृमी तिच्या यकृतात जाऊन राहतो, अंडी शेणातून बाहेर. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबलेली म्हैस तुम्ही पाहिली असेल, त्यातल्या बऱ्याच वेळा हाच पाहुणा असतो. माणसालाही तो होतो, पण पाणवनस्पती कच्ची खाऊन होतो, दूध पिऊन नाही. गोचीड तापाचा थायलेरिया घ्या. संकरित गाय त्याने चार दिवसांत आडवी होते, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळे पांढरे पडतात, आणि शेतकरी इंजेक्शनची किंमत ऐकून गाईच्या शेजारी बसतो. पण तो थायलेरिया माणसाच्या अंगात रुजत नाही. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग घोडमाशी पसरवते, दूध पसरवत नाही.

अपवाद एकच मोठा, आणि तो माझा लाडका आहे. म्हशीच्या चिकातून रेडकाला जंत जातो. टोक्सोकारा म्हणतात त्याला. म्हशीच्या शरीरात त्याची पिल्लं झोपलेली असतात, शेणात काही सापडत नाही. म्हैस व्यायली की ती जागी होतात, कासेकडे निघतात आणि चिकातून, पहिल्या काही दिवसांच्या दुधातून रेडकाच्या पोटात उतरतात. तिसऱ्या आठवड्यात रेडकाचं पोट नगाऱ्यासारखं, हगवण मातकट पांढरी, वास असा की गोठ्यात उभं राहवत नाही. आणि आपला शेतकरी काय म्हणतो? "दूध जास्त झालं, बाधलं." मग दूध तोडतो. रेडकू जंतांनीही मरतं आणि उपासानेही मरतं. नर असेल तर घरात फारसं कोणी हळहळतही नाही. चीक मात्र त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटला जातो. तुम्ही घाबरू नका, आपण खरवस वाफवून खातो. खरवस वाफवायची पद्धत ज्या कोणा आजीने काढली, तिचा माझ्या विषयावर फार मोठा उपकार आहे.

आता शेळी. शेळीबद्दल मला थोडं जास्त बोलू द्या, संयोजकांनी घड्याळाकडे पाहायचं नाही.

डेंग्यूचे दिवस आले की शेळीच्या दुधाला तोंडाला येईल तो भाव येतो. प्लेटलेट वाढतात म्हणे. आणि उकळलं तर गुण जातो, म्हणून कच्चंच. एक तर दुधाने प्लेटलेट वाढतात याला आधार नाही. दुसरं, तापाने अर्धमेल्या झालेल्या माणसाला आपण नेमकं त्या जनावराचं कच्चं दूध पाजतो, ज्याच्यामुळे जगाला कच्च्या दुधाची अक्कल आली.

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तिथे इंग्रजांची छावणी होती. शिपायांना एक ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा, महिनोन्महिने. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून त्याचा जीवाणू शोधून काढला. त्याच्याच नावावरून ब्रुसेला. पण तो येतो कुठून? डासांवर संशय झाला, धुळीवर झाला, गटारांवर झाला. अठरा वर्षं गेली. शेळ्यांकडे कोणी बघेना, कारण शेळ्या धडधाकट होत्या. आणि माल्टात पद्धत काय होती, ऐका. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा. पाणी घातलं नाही याची खात्री! (हशा) हसताय, म्हणजे गंगावेश आठवली. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि धडधाकट शेळ्यांत त्याला रोगाची खूण सापडली. दुधातूनही जीवाणू निघाला. त्याच वर्षी जोशुआ निकोल्सन नावाच्या बोटीतून माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला निघाल्या होत्या. खलाशांनी वाटेत त्यांचं दूध यथेच्छ प्यायलं आणि त्यातले बरेच तापाने पडले. १९०६ मध्ये छावणीत शेळीचं दूध बंद केलं आणि शिपायांचा ताप झपाट्याने उतरला.

सांगायचा मुद्दा, डोळ्यांदेखत काढलेली धार पाण्यापासून वाचवते, जीवाणूपासून नाही. म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते, वार अडकते, घरातला माणूस हात घालून ती काढतो आणि चार दिवसांनी दूध डेअरीला सुरू होतं. त्या माणसाचा हात आणि त्या म्हशीचं दूध, दोन्हीकडून ब्रुसेला, आणि मघाशी म्हणालो ती कंबर धरून बसलेली माणसं त्याचीच. यावर लस आहे, मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यायची. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती फुकट आहे. टोचून घ्या.

शेळीच्या कच्च्या दुधातून टोक्सोप्लाझ्माही येऊ शकतो, आणि हा मात्र खरा परजीवी. गाभण शेळी मांजराच्या विष्ठेने खराब झालेला चारा खाते. घरात गरोदर सून असेल तर शेळीचं कच्चं दूध तिच्याजवळही नको. वासरांच्या हगवणीतला क्रिप्टोस्पोरिडियम कासेला शेण लागलं की दुधात उतरतो. हे सगळे, क्षयाच्या जीवाणूसकट, एका उकळीला मरतात. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, तेवढ्यानेही काम होतं. आपल्याकडे घरोघरी दूध उतू जातं, ते थेट १०० च्या आसपास पोचतं. दूध उतू घालवणाऱ्या सुनेला आपण उगाच बोलतो. (हशा)

मग काचेच्या बाटलीत 'न उकळता प्या' असं सांगून दामदुपटीने दूध विकणारे जे नवे लोक आलेत, त्यांचं काय? काही नाही. बाटली चांगली असते, घरी आणा, दूध पातेल्यात ओता आणि गॅस पेटवा.

इथपर्यंत सगळं उकळून सुटतं. जे उकळून सुटत नाही त्याबद्दल बोलायला मी आज आलोय. आणि त्यासाठी एक शिबिर सांगायला हवं.

याच जिल्ह्यातलं गाव. नाव सांगत नाही, खातंही सांगत नाही, त्यातले दोघे मला समोर दिसतायत. 'भव्य जंतनिर्मूलन शिबिर.' मंडप, सतरंजी, माईक. जनावरांना सकाळी सातला बोलावलं आणि पाहुणे आले साडेअकराला. तोपर्यंत दीडशे जनावरं उन्हात, दोन बैलांची मारामारी, एक कालवड मंडपात. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पहिला डोस. फोटोसाठी गरीब गाय निवडली होती, पण तिला पाहुण्यांची फेटेवाली आकृती आवडली नाही. अर्धा डोस तिच्या नाकात, अर्धा पाहुण्यांच्या धोतरावर. पाहुणे म्हणाले, "चला, माझेही जंत गेले." टाळ्या. मग रांगेने सगळ्यांना. वजन कोणी केलं नाही, शेण कोणी तपासलं नाही. आटलेली कोणती, दुभती कोणती, हेही विचारलं नाही. वर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही टोचलं, कारण त्याने जंतही जातात आणि गोचीडही. मी उभा राहून म्हटलं, दुभत्या जनावरांचं दूध काही दिवस बाजूला ठेवायला सांगूया. मला कोपऱ्यात घेऊन समजावण्यात आलं की असं बोललो तर पुढच्या शिबिराला एक शेपूट येणार नाही.

संध्याकाळी सगळं दूध संकलन केंद्रावर. तिथे काय तपासलं? फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि तो सोडून बाकीचे घन पदार्थ. छान लागलं. पाहुण्यांच्या गाडीत प्रेमाने पाच लिटरचा कॅन ठेवला होता, गावरान दूध म्हणून. घरी नक्की उकळूनच प्यायले असतील.

आयव्हरमेक्टिन वाईट नाही. जपानमधल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघालं, २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्पबेल यांना त्यासाठी नोबेल मिळालं, आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे डोळे त्याने वाचवले. पण ते चरबीत विरघळतं. त्यामुळे दुधाच्या स्निग्धांशाबरोबर दिवसेंदिवस बाहेर येत राहतं आणि उकळल्याने जात नाही. कित्येक देशांत दुभत्या गाईला ते द्यायचंच नाही असा नियम आहे. शेणातूनही उतरतं आणि शेणकिडे मारतं, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत सांगतो.

एक, २०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. घातक भेसळ सापडली ती फक्त १२ नमुन्यांत. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते ७७ मध्ये, आणि बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून येणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष ३६८ मध्ये. म्हणजे आपण युरियावाल्याला शोधत फिरतो आणि धोका गोठ्यातल्या औषधात आणि पेंडीच्या पोत्यात आहे. ही दोन्ही उकळीला दाद देत नाहीत.

दोन, औषधाच्या बाटलीवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात असतं, नातवाला वाचायला सांगा. लिहिलेलंच नसेल तर ती बाटली दुभत्यासाठी घेऊ नका. शक्यतो जनावर आटलेलं असताना, व्यायच्या आधी, डॉक्टरला विचारून डोस द्या, म्हणजे दूध ओतायचा प्रश्नच येत नाही. गाभण काळात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध मनाने नको, पहिल्या महिन्यांत तर नकोच. रेडकाला मात्र दहाव्या ते सोळाव्या दिवसात डोस द्याच, तिथे शेण तपासायची वाट बघू नका.

तीन, आणि हे डेअरीच्या संचालकांसाठी, पहिल्या रांगेत आहेत म्हणून. बारा लिटरची गाय सात दिवस बाजूला काढली तर ८४ लिटर दूध ओतावं लागतं. ते एकट्या शेतकऱ्याने का सोसावं? 'माझ्या गाईला औषध चालू आहे' असं जो खरं सांगतो त्याचं दूध तुम्ही परत पाठवता, आणि जो गप्प बसतो त्याला फॅटप्रमाणे पैसे देता. दरफरकातून थोडा निधी काढा आणि खरं बोलणाऱ्याला त्यातून भरपाई द्या. मी हे तीन सभांत बोललोय, तिन्ही वेळा टाळ्या झाल्या. टाळ्या नकोत, ठराव करा.

चार, शेण. सगळ्या कळपात सारखे जंत नसतात, थोड्याच जनावरांत बहुतेक जंत असतात. सरसकट डोस देऊन आपण औषधालाच बोथट केलंय. शेळ्यामेंढ्यांत काही औषधं आता लागू पडेनाशी झाली आहेत. तपासणी सोपी आहे. मिठाच्या दाट पाण्यात शेण कालवलं की गोल जंतांची अंडी वर तरंगतात. चपट्यांची जड, ती तळाशी बसतात. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असतो, कपाटात असेल तर काढायला लावा. नमुना मूठभर पुरे, पण ताजा हवा, जमिनीवरचा उचललेला नको. स्वच्छ पिशवीत घालून त्याच दिवशी आणा, आणि चिठ्ठीवर मालकाच्या नावाबरोबर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर लिहा. नुसतं 'पाटलांचं शेण' असं लिहून आणू नका, आमच्या तालुक्यात पाटील फार आहेत.