मिसरचे घोडे, यरुशलेमचे पाणी

यरुशलेमच्या पोटात, गिहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत खडकातून खोदत नेलेला हा बोगदा. लांबी 533 मीटर. आजही यातून पाणी वाहते. 1880 साली इथे भिंतीवर एक शिलालेख सापडला. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या मजुरांमध्ये शेवटचे तीन हात खडक उरला, तेव्हा पलीकडची हाक ऐकू आली, असे त्यात लिहिले आहे. हाती आलेल्या ओळींत राजाचे नाव नाही. देवाचेही नाही.

परंपरेनुसार हे काम हिज्कीयाचे, म्हणजे यरुशलेम ज्याची राजधानी होती त्या यहूदा राज्याच्या राजाचे. इसवी सनपूर्व 701 मध्ये अश्शूरचा, म्हणजे असिरियाचा, सम्राट सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची 46 नगरे घेतली, असे त्याच्याच कोरीव लेखात आहे. यहूदातले लाखीश नगर कसे पाडले, ते त्याने आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतले. ते शिल्पपट आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तट फोडणारी यंत्रे, आणि गाड्यांवर संसार लादून देशोधडीला निघालेली बायका-मुले.

कोणताही राजा करील ते सगळे हिज्कीयाने केले. शहराबाहेरचे झरे बुजवले, तट भक्कम केला. 300 किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे आणि 30 किक्कार सोने खंडणी दिली. त्यासाठी मंदिराच्या दारांना आपणच मढवलेले सोने त्याला उतरवावे लागले. आणि यरुशलेमच्या कारभाऱ्यांचे डोळे मिसरकडे, म्हणजे इजिप्तकडे, लागले होते. मिसरजवळ घोडे होते, रथ होते.

इथे यशया हा संदेष्टा, देवाचा निरोप लोकांना सांगणारा, आडवा येतो. मिसरी ही माणसे आहेत, देव नव्हेत, असे तो बजावतो. त्यांचे घोडे हाडामांसाचेच. राजाने फार घोडे बाळगू नयेत, घोड्यांसाठी लोकांना पुन्हा मिसरात धाडू नये, असे मोशेच्या नियमशास्त्रातही आहे. ज्या देशाच्या गुलामीतून देवाने सोडवले, त्याच देशाच्या दारात बळ मागायला जायचे, हे यशयाला सोसवत नाही.

पाण्याच्या कामाबद्दलही तो बोलतो. तुम्ही घरे मोजलीत, तटासाठी ती पाडलीत, दोन भिंतींमध्ये पाणी साठवलेत. पण हे सारे ज्याने घडवले त्याच्याकडे पाहिले नाहीत. मला या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो. पाणी साठवू नका, असे यशया कुठेच म्हणत नाही. खोदताना नजर कुठे होती, एवढेच तो विचारतो.

मग अश्शूरचा सरदार रब-शाके तटाखाली येतो. तटावरच्या लोकांना कळावे म्हणून त्यांच्याच भाषेत ओरडतो: तुमची भिस्त आहे तरी कोणावर? मिसर म्हणजे चेचलेला बोरू, टेकायला जाल तर हातात घुसेल. घ्या, मी 2000 घोडे देतो, त्यांवर बसवायला स्वार आहेत का तुमच्याकडे? मिसरबद्दल शत्रू आणि संदेष्टा एकच बोलतात, याचे मला दर वेळी नवल वाटते. पण रब-शाके तिथे थांबत नाही. तुमचा परमेश्वरही तुम्हाला वाचवणार नाही, असे तो सांगतो.

पुढे धमकीचे पत्र येते. हिज्कीया ते घेऊन मंदिरात जातो आणि परमेश्वरासमोर उलगडून ठेवतो. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उजाड केली हे खरे आहे, असे तो प्रार्थनेतच कबूल करतो. आता देवापुढे तो ना सोन्याचे नाव काढतो, ना घोड्यांचे.

परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत 1,85,000 सैनिक मारले, असे बायबलमधले राजांचे दुसरे पुस्तक सांगते. सन्हेरीबाचा लेख म्हणतो, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. यरुशलेम जिंकले, असे मात्र तोही लिहीत नाही.

त्या पुस्तकाच्या पुढच्याच अध्यायात बाबेलचे, म्हणजे बॅबिलोनचे, दूत हिज्कीयाला भेटायला येतात. तो त्यांना आपले रुपे, सोने, शस्त्रागार, सगळे हौसेने दाखवतो. यशया येऊन विचारतो, त्यांनी काय काय पाहिले? राजा म्हणतो, सगळेच. तेव्हा यशया त्याला सांगतो, हे सगळे एक दिवस बाबेलला नेले जाईल.