वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : दोन मिनिटांचे उड्डाण

वैमानिकाच्या शेजारच्या आसनावर बसलेली ही व्यक्ती सहवैमानिक नाही. ती तिकीट काढून आलेली प्रवासी आहे. विमान इतके लहान आहे की आसनांच्या मधून चालायला वाट नाही, आणि वैमानिकाला प्रवाशांशी बोलायचे असेल तर त्याने नुसती मान वळवली तरी पुरते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्क्नी द्वीपसमूहातील वेस्ट्रे बेटाची ही धावपट्टी आहे. येथून पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटावरील विमानतळाचे अंतर सुमारे २.७ किलोमीटर आहे. लोगनएअरने १९६७ पासून चालवलेली ही सेवा जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानसेवा मानली जाते. वेळापत्रकात तिच्यासाठी दोन मिनिटे दिलेली असतात आणि त्यांत जमिनीवर विमान चालवण्याचा वेळही धरलेला असतो. आजवरचा विक्रम ५३ सेकंदांचा आहे.

अंतर रोज तेवढेच असते, मग वेळ का बदलते? विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. वारा समोरच्या बेटाकडून येत असेल, तर उड्डाणानंतर नाक आधीच त्या दिशेला असते आणि विमान जवळजवळ सरळ जाऊन उतरू शकते. तो उलट बाजूने येत असेल, तर आधी वळून परत यावे लागते, आणि एवढ्या लहान प्रवासात एका वळणानेही वेळेचे गणित बदलते. म्हणूनच या मार्गावर नकाशावरच्या रेषेपेक्षा वाऱ्याची दिशा अधिक बोलते.

आता विमानाकडे नीट पाहावे. ब्रिटन-नॉर्मन आयलंडर जातीच्या या विमानाचे पहिले उड्डाण १९६५ मध्ये झाले. पंख प्रवाशांच्या डोक्यावर आहेत, त्यांवर दोन इंजिने बसवलेली आहेत, आणि चाके पोटात ओढून घेण्याची सोय नाही, कारण आखूड धावपट्टीवरून वारंवार उडणाऱ्या आणि उतरणाऱ्या विमानाला साधी, मजबूत आणि दुरुस्तीला सोपी बांधणीच अधिक उपयोगाची असते. या रांगड्या यंत्राला ओबडधोबड म्हणणे अन्यायाचे होईल. याच कामासाठी ते जाणीवपूर्वक घडवलेले आहे.

चाके सुटली. खाली पापा साउंड ही सामुद्रधुनी आहे आणि तिच्या पाण्यावरून विमानाची सावली पुढे सरकते आहे. ज्या बेटाकडे आपण निघालो आहोत, त्याला स्थानिक लोक पापे म्हणतात. तेथे जेमतेम नव्वदच्या आसपास माणसे राहतात, आणि तेथील नॅप ऑफ हॉवर येथे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दगडी घरे आजही भिंतींसह उभी आहेत. एवढ्या जुन्या वस्तीच्या बेटाला विमानसेवा मिळणे ही चैन आहे, असे मला कधीही वाटलेले नाही.

बोटीची सोय आहे, पण समुद्र खवळला की तिचा भरवसा राहत नाही; शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण यांची ये-जा तेव्हा याच विमानावर येऊन ठेपते.

चाके टेकली. दार उघडले जाते, प्रवासी उतरतात, सामान हातोहात खाली घेतले जाते. वैमानिक पुन्हा एकदा मान वळवून मागची आसने पाहतो, आणि पुढच्या उड्डाणासाठी वाऱ्याची दिशा तपासतो.