शेततळ्यातलं शेवाळ: वर्षभराची नोंद कशी ठेवायची

नमस्कार. पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर पाणी बिघडायला बरेच दिवस आधी सुरुवात झालेली असते. ती चाहूल नोंदवहीत आधी दिसते.

(तबकडी दाखवत) ही सेकी तबकडी, पाणी किती पारदर्शक आहे ते मोजायची. २० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा, त्याचे चार भाग आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवलेले, खाली अर्धा किलो वजन. दोरीवर दर ५ सेंटिमीटरला खूण. नायलॉनची दोरी टाळा, ओली झाली की ताणते. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, गॉगल काढून, सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा. जागा दरवेळी तीच हवी. वारा ज्या काठाला लागतो तिथे तवंग साचतो, तिथला आकडा सगळ्या तळ्याचा नसतो. आणि प्लास्टिकच्या उतारावरून पाय घसरतो, म्हणून एकट्याने जाऊ नका.

हा आकडा जितका कमी, तितकं पाण्यात शेवाळ दाट. मत्स्यतळ्यात ३० ते ४० सेंटिमीटर चांगलं. २० च्या खाली गेलं की रात्रीची काळजी. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, रात्री स्वतःच वापरतं. म्हणून ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा, दुपारच्या आकड्यावर विसंबू नका. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली आला तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लगेच सुरू करा.

पावसाळ्यात मात्र तबकडी फसवते. गढूळ पाण्यातही ती लवकर दिसेनाशी होते. थोडं पाणी पांढऱ्या गाळण कागदातून गाळा: हिरवा थर आला तर शेवाळ, तपकिरी आला तर माती. सलग ढगाळ दिवस असतील तर पहाटेचा ऑक्सिजन रोज बघा, कारण उजेड नाही म्हणजे दिवसाही पुरेसा ऑक्सिजन तयार होत नाही. पाऊस सरला की शेतातून वाहून आलेलं खत आणि ऑक्टोबरचं ऊन एकत्र येतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा मोजा. मार्च ते जूनही तसंच. थंडीत पंधरवड्यातून एकदा पुरतं.

पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग दिसला तर हातमोजे घालून काचेची बाटली पाऊण भरा आणि रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. हिरवं वर तरंगलं तर निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता मोठी, आणि ते विषारी असू शकतं; खाली बसलं तर बहुधा साधं. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. त्यासाठी नमुन्यात फिक्या चहाचा रंग येईपर्यंत लुगॉल आयोडीन (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घाला आणि बाटली अंधारात ठेवा. विषाच्या तपासणीचा नमुना वेगळा, त्यात आयोडीन नको. तोवर ते पाणी गुरांना पाजू नका. यातलं विष उकळूनही जात नाही.

आणि कृपा करून शेवाळ मारायला घाईने मोरचूद टाकू नका. सगळं शेवाळ एकदम मेलं की कुजताना ऑक्सिजन संपतो, पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. खाद्य थांबवा, एरेटर रात्रभर चालू ठेवा, तळाचं थोडं पाणी काढून ताजं भरा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ऑक्सिजन मोजा.