पावणेसहा तासांची प्रदक्षिणा

मित्रहो, ‘एलिट डेंजरस’ हा संगणकावरचा खेळ २०१४ साली आला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापात उभी केली आहे, सुमारे ४० हजार कोटी तारामंडळांसकट. ओळखीचे तारे खगोलशास्त्राच्या सूचींमधून घेतलेत, उरलेले गणितानं रचलेत. पण मला आज बोलायचंय ते एकाच ताऱ्याबद्दल.

या खेळात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारली की आपलं अंतराळजहाज थेट नव्या ताऱ्याच्या तोंडाशी येतं. इंधनही ताऱ्याकडून घेता येतं. त्याच्या कडेकडेनं जायचं, जहाज तापायला लागतं, टाकी भरली की निघायचं. सूर्याएवढ्या ताऱ्यापाशी हे मिनिट-दोन मिनिटांचं काम, इतक्यांदा केलेलं की हात आपोआप चालतात.

त्याच सवयीनं मी व्हीवाय कॅनिस मेजॉरिस नावाच्या ताऱ्यापाशी पोचलो. समोर काचभर नुसता तांबूस उजेड. गोल असा काही दिसेचना. जहाजाचं नाक वळवत वळवत कड शोधली, तर तीही सरळ, समुद्रावरच्या क्षितिजासारखी! म्हटलं, एक प्रदक्षिणा घालू. वेग बरोबर प्रकाशाइतका ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दृश्य तेच. मग वही ओढली.

सूर्याचा परीघ सुमारे ४४ लाख किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानं त्याची फेरी १५ सेकंदांत पुरी होते. या ताऱ्याची त्रिज्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार, सूर्याच्या सुमारे १४२० पट. म्हणजे फेरीला पावणेसहा तास. १४२० हा आकडा मला पाठ होता हो, कित्येक वर्षं. पण तो अंगावर आला त्या रात्री, वाट बघत बसल्यावर.

एवढा फुगला कसा? गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, भोवतीच्या थरात ज्वलन चालू राहतं आणि बाहेरचा भाग फुगत जातो, थंड होतो, लाल दिसतो. वस्तुमान मात्र सूर्याच्या पंधरा-वीस पटच. तेवढंच द्रव्य एवढ्या जागेत पसरलेलं, त्यामुळे सरासरी घनता आपल्या हवेच्याही लाखभर पटीनं कमी. खेळातली ती रेखीव कड म्हणूनच मला खटकते. खऱ्या ताऱ्याचा पृष्ठभाग असा कुठे एकदम संपत नाही, आणि भोवती त्यानंच बाहेर टाकलेल्या धुळीचे ढग आहेत.

पुढे फेब्रुवारीत गावी गेलो, तेव्हा द्विनेत्री घेऊन गच्चीवर चढलो. व्याध उंचावर लखलखत होता. त्याच्या दक्षिणेला, नकाशा तीनतीनदा पडताळून, तो सापडला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, सुमारे ३८०० प्रकाशवर्षांवरचा एक मंद लालसर ठिपका. हात जरासा हलला की हरवायचा, आणि मी पुन्हा व्याधापासून शोधायला लागायचो.