पंच्याऐंशीला लाल दिवा

[दृश्य : प्रेस शॉप. प्रेस बंद. मागच्या भिंतीवर करड्या रंगाची पेटी, हिरवा दिवा.]

ही प्रेस पत्र्यातून वॉशर पाडते. मागच्या भिंतीवर, विजेच्या बोर्डाशेजारी जी करडी पेटी दिसतेय, तिच्यावर तीन दिवे आहेत आणि खालून पुढे आलेल्या लांब दांड्याच्या टोकाला बोटभर लांबीची एक बारीक नळी आहे. ती नळी म्हणजे मायक्रोफोन. ही पेटी शॉपमधला गोंगाट डेसिबलमध्ये, म्हणजे आवाजाच्या जोराच्या मापात, मोजते आणि तो ८५ला पोचला की लाल दिवा लावते. ऑपरेटर अजून डाय, म्हणजे वॉशर पाडायचा साचा, बसवतोय, म्हणून दिवा हिरवा आहे.

आता बघा.

[दृश्य : प्रेस सुरू. हिरवा, पिवळा, लाल. इथे निवेदन थांबवून आवाज पूर्ण ठेवावा.]

लाल दिवा लागताच ऑपरेटरने गळ्यातले इयर मफ कानांवर चढवले आणि तो पुन्हा जॉबकडे वळला. त्याला कोणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी ती ऐकू गेली नसती. म्हणूनच या पेटीला हूटर नाही. गोंगाटाचा इशारा भोंग्याने द्यायचा, तर भोंगा गोंगाटापेक्षा मोठा हवा, आणि तो त्रास पुन्हा त्याच कानांना. दिवा मात्र शॉपच्या दुसऱ्या टोकाहूनही दिसतो.

[दृश्य : टेबलावर उघडलेली पेटी. मायक्रोफोन जवळून.]

नळीच्या टोकाला केसाहून पातळ पडदा ताणून बसवलेला आहे. त्याच्या मागे अगदी थोडं अंतर सोडून एक धातूची तबकडी आहे. आवाजाने हवेचा दाब वरखाली झाला की पडदा हलतो, मधलं अंतर बदलतं आणि त्या बदलाचा विजेचा इवलासा सिग्नल तयार होतो. अशा मायक्रोफोनला पूर्वी बाहेरून बराच व्होल्टेज द्यावा लागे. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी विद्युतभार कायम धरून ठेवणारा पडदा वापरून इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवला. मायक्रोफोन स्वस्त आणि लहान झाला, आणि अशा पेट्या शॉपच्या भिंतीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली.

सिग्नल पुढे फिल्टरमध्ये जातो. आपला कान सगळे आवाज सारख्याच जोराने ऐकत नाही. खर्जातले आवाज त्याला कमी जाणवतात. पेटीतलं ए-वेटिंग तसंच वागतं : १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, आवाज आहे तसा मोजतं, १०० हर्ट्झचा सुमारे १९ डेसिबलने कमी धरतं. त्यानंतर येतो वेळेचा हिशेब. ‘स्लो’ सेटिंगला पेटी सेकंदाभराची सरासरी धरून चालते, ‘फास्ट’ला सेकंदाच्या आठव्या भागाची.

[दृश्य : दिवा पिवळा-लाल, पिवळा-लाल असा लुकलुकतो.]

हा दिवा का लुकलुकतोय? आवाज ८५च्या अगदी काठावर आहे, म्हणून. असा दिवा दोन दिवस दिसला की तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघत नाही. उपाय अगदी साधा आहे, पण तो करायला विसरतात. दिवा पेटण्याचा आकडा आणि विझण्याचा आकडा वेगळे ठेवायचे. ८५ला पेटलेला दिवा ८३च्या खाली उतरल्यावरच विझू द्यायचा, आणि पेटण्याआधी आवाज सलग काही सेकंद टिकायला हवा, अशी अट घालायची. एखादी पाना-पक्कड खाली पडली म्हणून अख्ख्या शॉपने दचकायचं कारण नाही.

[दृश्य : मेन्टेनन्सची ताई मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर चढवते. मीटरवर ९४.०.]

हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम. तिच्या हातातला मुठीएवढा कॅलिब्रेटर १००० हर्ट्झचा एकच स्थिर सूर काढतो. त्याचा जोर बरोबर ९४ डेसिबल, म्हणजे १ पास्कल दाब. पेटीने ९४ दाखवलं पाहिजे. तेल, धूळ, दमट हवा यांनी मायक्रोफोन हळूहळू मंदावतो, ९४ला ९० दाखवू लागतो. मग शॉपमध्ये ८८ असताना दिवा पिवळाच राहतो आणि सगळे निर्धास्त. मंदावलेली पेटी बंद पेटीपेक्षा वाईट, हे मी अगदी ठामपणे सांगतो. ताईने रबराची कडा दाबून बसवली, आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखून थांबली, मग वहीत नोंद केली : तारीख, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, सही.

[दृश्य : मापाची पट्टी, भिंत, मायक्रोफोनचा लांब दांडा.]

पेटी भिंतीवर असली तरी मायक्रोफोन भिंतीला चिकटलेला नको. भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि आकडा फुगतो. म्हणून इथे दांडा लावून तो पुढे, माणसाच्या कानाच्या उंचीवर आणला आहे. तरीही पेटी जागा मोजते, माणूस मोजत नाही. ग्राइंडरवर वाकलेल्या माणसाच्या कानाशी आवाज याहून जास्त असतो. त्यासाठी खांद्यावर लावायचा डोसिमीटर, म्हणजे त्या माणसाच्या कानाशी पोचणारा आवाज मोजणारं छोटं यंत्र, वेगळा मिळतो.

[दृश्य : बॉयलर कारखान्याचा जुना फोटो. रिव्हेट ठोकणारे कामगार.]

पंच्याऐंशीच का? या आकड्यामागे मोठा इतिहास आहे. तांबटांच्या आळीत दिवसभर ठोकाठोक करणारे कारागीर बहिरे होतात, अशी नोंद इटालियन वैद्य रामाझिनी यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात केली. १८८६ साली ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी शंभर बॉयलरमेकरांचे कान घड्याळाच्या टिकटिकीने तपासले. एकाचाही कान धड निघाला नाही. त्या काळी रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे, बाहेरून ठोकत आणि एक माणूस बॉयलरच्या पोटात बसून आतून आधार देई.

पुढे आवाज मोजणारी यंत्रं आली, आकडे आले. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९८ साली शिफारस केली ती अशी : ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला ४ तास, ९१ला २ तास, १००ला पाव तास. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून हा हिशेब. काही देशांच्या नियमांत ८ तासांची मर्यादा अजूनही ९० आहे. ती फार सैल आहे, पेटी ८५लाच लावावी.

या मर्यादेच्या वर वर्षं काढली की आतल्या कानातल्या पेशी मरतात, आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

[दृश्य : एअर गनने जॉब साफ करणारा हेल्पर. लाल दिवा.]

प्रेस बंद आहे, तरी दिवा लाल. कारण हेल्परच्या हातातली ही एअर गन. नुसत्या उघड्या नळीतून वेगाने सुटलेली हवा बाहेरच्या स्थिर हवेत घुसते आणि तिथल्या घुसळणीतून ही किंचाळी निघते. शॉपमध्ये सगळ्यांना वाटत होतं की गोंगाट प्रेसचा आहे. पेटीच्या नोंदी आणि शिफ्टची वही शेजारी ठेवल्यावर कळलं की लाल दिव्याचा बराचसा वेळ या एअर गनचा आहे.

[दृश्य : नवं, बारीक छिद्रांचं नोझल बसवतात. दिवा पिवळा.]

बारीक छिद्रांचं नोझल बसवलं. काम तेच, दिवा पिवळा.

[दृश्य : सेटिंगचं झाकण, त्यावरचं सील.]

हे सील नीट बघून घ्या. सतत पेटणाऱ्या दिव्याचा कंटाळा येतो आणि कोणीतरी स्क्रू फिरवून ८५चे ९२ करतं. दिवा विझतो, तक्रार संपते, आवाज तेवढाच राहतो. म्हणून सेटिंगला सील हवं, आणि त्याची नोंद कामगारांनाही बघता आली पाहिजे. कान त्यांचे आहेत.

[दृश्य : प्रेसभोवती लोखंडी सांगाडा, आतून फोमचे पॅनेल बसवणारे फिटर.]

आणि ज्या मशीनवर दिवा दिवसभर लालच राहतो, तिथे इयर मफ देऊन मोकळं होता येणार नाही. प्रेसच्या पायाखाली रबराचे पॅड गेले, चहूबाजूंनी पॅनेल उभे राहताहेत, पुढे काचेचा दरवाजा येईल. दणका क्षणाचाच असल्याने ‘स्लो’ सेटिंगला तो पुरता दिसत नाही, त्यामुळे प्रेससाठी शिखर आवाज टिपणारं वेगळं सर्किट लागतं. प्रत्येक पेटीत ती सोय नसते, घेतानाच विचारायचं. या पेटीत ती आहे. पॅनेल पूर्ण झाले की ताई पुन्हा कॅलिब्रेटर लावेल, आणि त्यानंतर पूर्ण शिफ्टच्या नोंदी घेतल्या जातील, एअर गनसकट.